वाचक विचारतात : दिवस मोजायचे कुठून?

या वेळच्या टपालात ‘चान्स घेतोय, पण दिवस राहत नाहीत’ अशी बरीच पत्रं आहेत. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. ही जोडपी प्रयत्नांत कुठेही कमी पडत नाहीत, पण त्यांचे दिवस चुकतात. स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस शोधण्यावर सगळ्यांचा जोर असतो, आणि खरे उपयोगाचे दिवस तर त्याच्या आधीचे असतात. आज वेगवेगळ्या पत्रांच्या निमित्ताने मला हेच सविस्तर सांगायचं आहे. ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढून टाकले आहेत.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय २९. पाळी नियमित आहे, पण ती ३३ ते ३७ दिवसांनी येते. सगळीकडे ‘चौदावा दिवस’ असंच वाचलं, म्हणून आम्ही बाराव्या ते पंधराव्या दिवसापर्यंत न चुकता संबंध ठेवतो. मोबाइलमधलं ॲपही हेच दिवस रंगवून दाखवतं. सात-आठ महिने झाले. माझ्यात काही दोष असेल का?

उत्तर : दोषाचा विचार आधी बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातले आकडेच पुरेसं बोलतात.

पाळीचं चक्र म्हणजे रक्तस्राव सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ. एखादा डाग दिसला तर तो दिवस धरायचा नाही, नीट स्राव सुरू झाला की पहिला दिवस. या चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बीजकोशात एक बीज वाढून तयार होतं. दुसरा भाग बीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा. १९२०च्या दशकात जपानमधले क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियातले हेरमान क्नाउस या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की बीज कधी बाहेर पडतं हे मागच्या पाळीपासून पुढे मोजून कळत नाही, ते पुढच्या पाळीपासून मागे मोजावं लागतं. हे अंतर साधारण १२ ते १६ दिवसांचं असतं आणि एकाच बाईच्या बाबतीत ते फारसं हलत नाही. चक्र लांबतं ते बहुतेक वेळा पहिल्या भागामुळे, बीज तयार व्हायला जास्त दिवस लागतात म्हणून.

चौदावा दिवस आला तो इथून. २८ मधून १४ वजा केले की १४ उरतात, बस्स. तुमच्या ३३ मधून १४ वजा केले तर १९ उरतात आणि ३७ मधून वजा केले तर २३. म्हणजे तुमचं बीज बहुधा एकोणिसाव्या ते तेविसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडतं, आणि तुम्ही मात्र पंधराव्या दिवशी थांबता.

आता बीज आणि शुक्राणू किती टिकतात ते पाहू, कारण सगळा हिशेब त्यावरच आहे. बाहेर पडलेलं बीज १२ ते २४ तासच फलनक्षम असतं. शुक्राणू मात्र गर्भाशयमुखातल्या पातळ, अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे शुक्राणू आधी पोहोचून वाट पाहत असले तर उत्तम. गाडी यायच्या आधी आपण फलाटावर असावं, तसंच हे. १९९५ साली अमेरिकेतले ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांच्या लघवीचे रोजचे नमुने तपासून, गर्भधारणा नेमक्या कुठल्या दिवसांच्या संबंधांतून होते ते शोधलं. ज्या दिवसांतून दिवस राहिले ते सहाच होते : बीज बाहेर पडण्याच्या आधीचे पाच आणि सहावा खुद्द तो दिवस. पाच दिवस आधीच्या संबंधातून शक्यता सुमारे १० टक्के होती आणि त्या दिवशी ती सुमारे ३३ टक्क्यांपर्यंत पोहोचली. दुसऱ्या दिवशीच्या संबंधातून एकही गर्भधारणा नोंदली गेली नाही.

याच गटाने २००० साली आणखी एक गोष्ट मांडली, आणि ती मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगते. दहावा ते सतरावा दिवस हा जो ठरलेला काळ पुस्तकांत दिलेला असतो, त्यात हे सहाही दिवस पूर्ण बसतात अशा स्त्रिया जेमतेम ३० टक्के निघाल्या. तेव्हा चौदावा दिवस तुम्हाला लागू पडला नाही यात तुमचं काहीही बिघडलेलं नाही.

आता काय करायचं? तेराव्या-चौदाव्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. ॲपमध्ये चक्राची लांबी २८ अशीच राहून गेली आहे का, तेही तपासा. ॲपला तुमचा बीजकोश दिसत नसतो. तुम्ही भरलेल्या मागच्या तारखांवरून ते पुढचा अंदाज बांधतं. एखाद्या महिन्यात ताप आला, जागरणं झाली, मोठा ताण आला तर बीज आठवडाभर पुढे ढकललं जाऊ शकतं आणि ॲप त्याच जुन्या दिवसांवर रंग भरत राहतं. तारखा लिहून ठेवायला ते चांगलं आहे. निर्णय मात्र शरीराकडे बघून घ्या. शरीर काय सांगतं ते पुढच्या उत्तरात आहे, तेही वाचा.

प्रश्न : मी रोज पहाटे उठल्याबरोबर तापमान घेते. तक्ता अगदी काटेकोर ठेवला आहे. तापमान चढलं की त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री आम्ही एकत्र येतो. तरी यश नाही. थर्मामीटर बदलू का? (वय ३३)

उत्तर : थर्मामीटर राहू द्या, त्याचा अर्थ लावण्याची पद्धत बदलू या.

बीज बाहेर पडल्यावर त्याच्या रिकाम्या कोशातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होऊ लागतं आणि त्यामुळे शरीराचं विश्रांतीतलं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढतं. म्हणजे तापमान चढलेलं तुम्हाला दिसतं तेव्हा बीज बहुधा आदल्या दिवशीच बाहेर पडून गेलेलं असतं, आणि त्याचे ते १२ ते २४ तास संपत आलेले असतात किंवा संपलेले असतात. इतकी मेहनत घेऊन तुम्ही नेमके दार बंद झाल्यानंतरचे दिवस निवडत आहात, हे वाचून मला फार वाईट वाटलं. कारण कष्टात तुमची काहीच कसूर नाही.

तक्ता फेकून देऊ नका. तापमान सलग तीन दिवस वर राहिलं तर त्या चक्रात बीज बाहेर पडलं असं मानायला चांगला आधार मिळतो, आणि दोन-तीन चक्रांचे तक्ते शेजारी ठेवले की तुमची वाढ साधारण कितव्या दिवशी होते तेही कळतं. त्या दिवसाच्या आधीचा आठवडा हा तुमचा.

चालू चक्रात मात्र आधी सूचना देणारी खूण दुसरी आहे, आणि ती फुकट आहे. पाळी संपल्यावर काही दिवस योनीमार्ग कोरडा वाटतो. मग चिकट, पांढरट स्राव येतो. पुढे तो मलईसारखा होतो. बीज तयार होत आलं की इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि स्राव पारदर्शक, निसरडा, भरपूर होतो. दोन बोटांच्या मध्ये धरून बोटं लांब केली तर तार न तुटता ताणली जाते, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी. लघवीनंतर पुसताना कागद सरकन घसरतो, काही जणींना तर बघण्याआधीच ओलसरपणा जाणवतो. हाच तो स्राव, ज्यात शुक्राणू टिकतात आणि वर सरकतात. तो दिसायला लागल्या दिवसापासून संबंध सुरू करा. निसरडेपणाचा शेवटचा दिवस हा बीज बाहेर पडण्याच्या सर्वांत जवळचा असतो. त्यानंतर स्राव पुन्हा घट्ट होतो किंवा आटतो.

अनेक बायका हा स्राव पाहून घाबरतात. ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून औषध मागायला येतात. खाज नाही, जळजळ नाही, दुर्गंधी नाही आणि महिन्यातून ठरावीक दिवसच येतो, तर तो तुमच्या शरीराचं काम नीट चाललं असल्याची खूण आहे. त्याला औषध नको आणि आतून धुणं तर मुळीच नको. खाज किंवा वास असेल, रंग हिरवट-पिवळट असेल तर मात्र तपासून घ्या. आणखी एक : संबंधानंतरच्या काही तासांत जे ओलं दिसतं त्यात वीर्य मिसळलेलं असतं, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : मला पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा विकार) आहे. पाळी कधी ४० दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. ओव्हुलेशनच्या, म्हणजे बीज बाहेर पडण्याचा दिवस ओळखायच्या, पट्ट्या आणल्या. पट्टीवर दहा-बारा दिवस सलग दोन रेघा येतात! इतके दिवस बीज बाहेर पडत असतं का?

उत्तर : नाही. या पट्टीबद्दल दोन गैरसमज होतात आणि तुमच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलेले दिसतात.

पहिला गैरसमज गरोदरपणाच्या पट्टीमुळे होतो. तिथे दुसरी रेघ फिकट असली तरी ती धरायची असते. ओव्हुलेशनच्या पट्टीत तसं नाही. ती एलएच या संप्रेरकाची पातळी पाहते, आणि हे संप्रेरक शरीरात रोजच थोडंफार असतं. म्हणून फिकट रेघ येतच राहते. तपासणीची रेघ शेजारच्या नियंत्रण रेघेइतकी गडद किंवा तिच्यापेक्षा गडद झाली, तरच एलएच उसळलं असं म्हणायचं. उसळी सुरू झाल्यापासून सुमारे २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं. उसळी बहुधा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात, त्यामुळे दुपारची तपासणी सोयीची पडते. त्याआधी दोन तास पाणी बेताचं प्या, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी दिसते.

दुसरी अडचण पीसीओएसची. त्यात अनेकींचं एलएच मुळातच वर असतं. पट्टी कायम ‘हो’ म्हणते आणि बीज मात्र बाहेर पडत नाही. तुमच्यासाठी पट्टी हा भरवशाचा मार्गच नाही, तेव्हा त्यावर आणखी खर्च करू नका. उलट, ज्यांची पाळी इतकी लांबते त्यांनी वर्षभर वाट पाहायची नसते, आताच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं असतं. तिथे सोनोग्राफीने बीज ज्या छोट्या पिशवीत तयार होतं तिची वाढ मोजता येते. साधारण १८ ते २४ मिलिमीटरपर्यंत वाढल्यावर ती फुटते. बीज बाहेर पडलं की नाही हे प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीने कळतं, पण ‘एकविसाव्या दिवशी रक्त द्या’ हा सल्ला २८ दिवसांच्या चक्रापुरता आहे. ही तपासणी अपेक्षित पाळीच्या सुमारे आठवडाभर आधी हवी. लांब चक्रात एकविसाव्या दिवशी ती केली तर कमी आकडा येतो आणि उगाच रडारड होते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही तपासून घ्या, कारण पाळी लांबण्यामागे तेही असू शकतात.

उपाय नक्की आहेत. बीज तयार व्हावं म्हणून लेट्रोझोलसारख्या गोळ्या देतात आणि पीसीओएसमध्ये त्यांचा चांगला उपयोग होतो. मैत्रिणीची चिठ्ठी बघून मात्र त्या घेऊ नका. कुणाला किती आणि कितव्या दिवसापासून, हे तपासून ठरवायचं असतं. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्क्यांनी कमी झालं तरी काही जणींची पाळी आपोआप रुळावर येते. तुमचं वजन किती ते पत्रात नाही, म्हणून याहून जास्त बोलत नाही.

प्रश्न : हे पत्र नवरा लिहितो आहे, चालेल ना? बायको दर महिन्याला ‘आज आहे’ असा निरोप पाठवते. ऑफिसमध्ये तो निरोप वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या दोन महिन्यांत त्याच दिवशी मला जमलं नाही. तिने काही म्हटलं नाही, पण रात्री रडत होती. त्या दिवसासाठी म्हणून मी आधीचे दहा-बारा दिवस दूर राहतो, तेही व्यर्थ गेलं.

उत्तर : चालेल काय, असं पत्र नवऱ्यांकडून आणखी यायला हवं. तुम्ही दोघंही एकाच गोष्टीने दमला आहात आणि एकमेकांना ते सांगत नाही आहात. एका ठरलेल्या रात्रीवर महिन्याचं सगळं ओझं टाकलं की शरीर नकार देतं. हे फार पुरुषांच्या बाबतीत होतं आणि त्याचा अर्थ तुमच्यात दोष आहे असा होत नाही.

तो दूर राहण्याचा नियम आधी सोडा. साठवून ठेवलं की वीर्य जोरकस होतं ही समजूत चुकीची आहे. जास्त दिवसांच्या खंडाने शुक्राणूंची संख्या वाढलेली दिसते, पण त्यांची हालचाल मंदावते. रोज किंवा एक दिवसाआड संबंध आल्याने काहीही कमी पडत नाही. पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी एकत्र आलात तर ते सहा दिवस आपोआप त्यात सापडतात, कुणी निरोप पाठवायची गरज उरत नाही. पट्टी बघायची असेल तर तिला बघू दे, पण तिने तुम्हाला ते सांगायलाच हवं असं नाही. हा उपाय दोघांनी शांतपणे बोलून ठरवा. आणि एखाद्या महिन्याला दोघांनाही नको वाटलं तर तो महिना सोडा. त्याने काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे, तुमची वीर्य तपासणी झाली आहे का? पत्रात बायकोच्या तीन तपासण्यांचा उल्लेख आहे, तुमच्या एकीचाही नाही. मूल न होण्यामागे पुरुषाकडचं कारण, एकट्याने किंवा जोडीने, जवळपास निम्म्या जोडप्यांत सापडतं. आणि ही तपासणी सगळ्यांत सोपी आहे, त्यात दुखणंखुपणं काही नाही. दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा. घरी घेतलात तर अंगाजवळ उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा. पहिला अहवाल कमी आला तर लगेच खचू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी येऊन गेलेल्या जोराच्या तापाचा परिणामही आजच्या अहवालात दिसू शकतो. तंबाखू आणि सिगारेट बंद करा. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं कुणी देत असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. पुरुषत्व वाढतं म्हणून ती घेतली जातात आणि त्यांनीच शुक्राणू तयार होणं बंद पडतं. हे माहीत नसल्याने तरुण मुलांचं नुकसान होताना पाहिलं की जीव तुटतो.

प्रश्न : संबंधानंतर सगळं बाहेर येतं. कमरेखाली उशी घेऊन अर्धा तास पडून राहिलं तर राहील का आत?

उत्तर : पडून राहायची गरज नाही, उठा, लघवीला जा. जे शुक्राणू वर जायचे ते काही मिनिटांत गर्भाशयमुखातल्या स्रावात शिरलेले असतात. बाहेर येतं ते उरलेलं द्रव्य आणि ते प्रत्येकीच्या बाबतीत येतं. कोरडेपणासाठी जेल वापरत असाल तर मात्र लक्ष द्या. नेहमीच्या बऱ्याच जेलींनी आणि थुंकीनेही शुक्राणूंची हालचाल मंदावते. गर्भधारणेसाठी चालणारं जेल वेगळं मिळतं.

प्रश्न : बीज बाहेर पडायच्या दिवशीच संबंध आला तर मुलगा होतो आणि आधी आला तर मुलगी, असं ऐकलं. दिवस त्याप्रमाणे निवडावे का?

उत्तर : निवडू नका. विल्कॉक्स यांच्या ज्या अभ्यासाबद्दल वर लिहिलं, त्यात हेही पाहिलं होतं. संबंधाचा दिवस आणि बाळाचं लिंग यांचा काही संबंध आढळला नाही. या समजुतीपायी सहांपैकी पाच दिवस वाया घालवलेलं जोडपं माझ्यासमोर बसतं, तेव्हा मला खरोखर राग येतो, त्यांच्यावर नव्हे तर असे सल्ले वाटत फिरणाऱ्यांवर.

प्रश्न : माझं वय ३८. पाळी घड्याळासारखी २७ दिवसांनी. स्राव ओळखता येतो, दिवसही जुळतात. पाच महिने झाले. एक वर्ष थांबा असं सगळे म्हणतात. थांबू?

उत्तर : थांबू नका. वर्षभराचा नियम पस्तिशीच्या आतल्यांसाठी आहे. ३५ नंतर सहा महिने प्रयत्न करून तपासणीला जायचं, चाळिशी ओलांडली असेल तर लगेच. तुमचे सहा महिने होतच आले, वेळ घ्यायला आत्ताच फोन करा. पाळी नियमित आहे आणि स्राव बदलतो, म्हणजे बीज बहुधा बाहेर पडतं आहे. पण गर्भनलिका मोकळ्या आहेत का, बीजांचा साठा कसा आहे आणि नवऱ्याचा अहवाल काय आहे हे तुमच्या निरीक्षणातून कळण्यासारखं नाही. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया, ओटीपोटात संसर्ग किंवा पाळीत असह्य वेदना झाल्या असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

भेटीला जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा एका कागदावर लिहून न्या आणि नवऱ्याला बरोबर न्या. थायरॉइड, साखर, रक्तदाब, फिट्स यांच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. काही औषधं दिवस राहण्याआधी बदलावी लागतात, पण ती मनाने बंद करू नका. आणि फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आजपासूनच सुरू करा. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची जडणघडण पाळी चुकल्याचं कळतं न कळतं तोच सुरू झालेली असते, म्हणून ही गोळी निदान महिनाभर आधीपासून पोटात जायला हवी आणि पुढे बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवायची. मधुमेह असेल, फिट्सची गोळी चालू असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर हा डोस जास्त लागतो, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्या.